खड्ड्यातला म्हातारा

गोपीनाथ कुठलीही गोष्ट दोनदा मोजतो. एकदा मोजून त्याचं समाधान होतच नाही. पडदे शिवायला टाकायचे असले, तर टेप लावून खिडकीचा आकडा वाचतो, कागदावर लिहितो, कागद पालथा ठेवतो, टेप खिशात टाकतो आणि दोन मिनिटांनी तोच टेप काढून तीच खिडकी नव्याने मोजतो. दोन्ही आकडे जुळले, तरच कागद अरुणाच्या हातात पडतो.

"खिडकी काय दोन मिनिटांत फुगते का हो?" अरुणा विचारते. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने हे इतक्यांदा विचारलंय की आता उत्तराची वाटही बघत नाही. विचारता विचारता कुकर लावायला निघून जाते.

त्याची नोकरीसुद्धा तसलीच. सिंगापूरच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात तीस वर्षं हा माणूस जहाजांचे पत्रे मोजत होता. जहाज कोरड्या गोदीत उभं राहिलं की त्याच्या पोटाचा पत्रा गंजून किती पातळ झालाय ते बघायचं. रंग खरवडायचा, बोटभर जेल लावायचं, यंत्राचं टोक टेकवायचं, आकडा वाचायचा आणि खडूने तिथेच पत्र्यावर लिहायचा. बाकीचे लिहून पुढे सरकत. गोपीनाथ जेल पुसायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा टोक टेकवायचा. खाली टान नावाचा फोरमन मान वर करून ओरडायचा, "अगेन आह, गोपी? सेम नंबर वॉट!"

"वन मोर टाइम, बॉस," गोपीनाथ म्हणायचा, आणि खरंच फक्त एकच वेळ.

यार्डात त्याचं नाव पडलं मिस्टर ट्वाइस. निवृत्त झाला तेव्हा पोरांनी त्याला तेच नाव छापलेला पांढरा मग दिला. त्या मगातून तो आंग मो किओच्या आपल्या फ्लॅटमध्ये, नवव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून रोज सकाळचा चहा पितो. सगळ्यांना वाटतं, स्वभावच तसा. अहो, असा स्वभाव घेऊन कुणी जन्माला येतं का? एकोणीस वर्षांचा असताना या माणसाने एक गोष्ट एकदाच मोजली होती. बाकीचं सगळं त्यानंतरचं आहे.

पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. अरुणालाही नाही. या मार्चमध्ये गावाहून रवींद्रचा फोन आला नसता, तर सांगितलंही नसतं.

रवींद्र हा त्याचा पुतण्या, धामणदऱ्याचा उपसरपंच. सोलापूरकडचं हे गाव इतकं लहान की रस्त्यावर पाटी आहे म्हणून कळतं. गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. पाणी अडवायचं, जमिनीत मुरवायचं आणि त्याच्या जिवावर खालच्या विहिरी जगवायच्या, एवढंच त्याचं काम. पन्नास वर्षांत तो गाळाने निम्मा भरला होता. दोन वर्षांपूर्वी गोपीनाथची लेक अनघा गावी जाऊन आली. ती चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत आहे, राहते मरीन परेडला, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तड लावल्याशिवाय सोडत नाही. तिने ऑफिसातल्या आणि ओळखीच्या मराठी मंडळींना कामाला लावलं आणि गाळ काढायला पोकलेन उभं करून दिलं.

"काका, काम जोरात चाललंय," रवींद्र फोनवर म्हणाला. "आता बांधावर एक शिळा बसवायची. गावाने एकमताने ठरवलंय. मजकूर ऐका. 'बहात्तरच्या दुष्काळात ज्यांच्या देखरेखीखाली हा तलाव उभा राहिला, ते धामणदऱ्याचे सुपुत्र श्री. गोपीनाथ बाबूराव शिंगटे, सिंगापूर.' कसंय?"

"अरे, देखरेख कसली? मी हजेरी घ्यायचो. मापं लिहायचो."

"तेच ते! त्या वेळचं ऑफिसातलं कुणीच राहिलं नाही. तुम्हीच एकटे आहात. पाथरवट शनिवारपर्यंत थांबलाय. फक्त हो म्हणा."

"बघू," गोपीनाथ म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

अनघा तर हुरळूनच गेली. "बाबा, तुम्ही धरण बांधलंत आणि आम्हाला कधी बोलला नाहीत?"

"धरण नाही गं, पाझर तलाव. आणि मी नाही बांधला."

"असा कसा हो तुमचा विनय!" ती म्हणाली. गोपीनाथ हातातला मग धुवायला म्हणून उठला आणि स्वच्छ मग घासत बराच वेळ सिंकपाशी उभा राहिला.

चार दिवस असेच गेले. रवींद्रचे मेसेज येत होते, हा उत्तर देत नव्हता. गुरुवारी संध्याकाळी अरुणाने त्याला ब्लॉकखालच्या खाण्यापिण्याच्या हॉकर सेंटरमध्ये नेलं, दोन तेह, म्हणजे तिथला दुधाचा चहा, घेतले, समोर बसली आणि म्हणाली, "दगडावर नाव यावं म्हणून माणसं काय काय करतात. तुम्हाला कुणी आपणहून देतंय, तर तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का? मला खरं सांगा. काय केलंय तुम्ही त्या तलावात?"

आता बोला! या बाईपासून काही लपत नाही. गोपीनाथने आजूबाजूला पाहिलं, ट्रेवरची बशी बाजूला केली, आणि रिकाम्या ट्रेच्या मधोमध आपला चहाचा ग्लास ठेवला.

"हा म्हातारा," तो म्हणाला.

"कोण?"

मग त्याने सांगायला सुरुवात केली. बहात्तर साली पावसाने सलग दुसऱ्यांदा दगा दिला. शेतं उघडी पडली, गुरं छावणीत गेली, आणि सरकारने जागोजागी दुष्काळी कामं काढली. कुठे रस्ता, कुठे नालाबांध, कुठे तलाव. ज्यांनी जन्मात दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता अशी माणसंही टिकाव-पाट्या घेऊन आली. धामणदऱ्याच्या तलावावर पाचशे माणूस होतं, त्यांत बाया जास्त. गोपीनाथ मॅट्रिक झालेला, अक्षर चांगलं, म्हणून त्याला हजेरीच्या मस्टरवर घेतलं. कानावर पेन्सिल, हातात टेप. एकोणिसाव्या वर्षी गावातली मोठी माणसं त्याला "सायेब" म्हणायला लागली. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

एकेका टोळीला एकेक चौकोनी खड्डा नेमून दिलेला असायचा. त्यातली माती खणून बांधावर टाकायची. खड्डा किती खोल गेला हे कळायला हवं, म्हणून खणताना मधोमध एक मातीचा खांब तसाच सोडायचा. भोवती सगळं खाली जातं, हा एकटा पहिल्या जमिनीच्या उंचीला उभा. खांबाची उंची म्हणजे खड्ड्याची खोली. बाया त्याला म्हातारा म्हणायच्या. खड्ड्यात उभा राहून आपण काय करतो ते बघणारा म्हातारा.

"आणि याच्या डोक्यावर," गोपीनाथने ग्लासच्या काठावर बोट ठेवलं, "मूळ जमिनीवरचं गवत तसंच राहिलेलं हवं. मुळासकट. कारण काही टोळ्या लबाडी करायच्या. म्हाताऱ्यावर वरून माती थापायची, त्याला उंच करायचं, म्हणजे खड्डा न खणताच खोल दिसतो. गवत जागचं असलं तर माती लावलेली नाही, हा पुरावा."

"बरं, मग?"

"मग काय. रत्नाची टोळी होती. सहा बाया. त्यांच्या वाट्याला सगळ्यांत कडक मुरूम आलेला. कुणी घ्यायला तयार नव्हतं, त्या खड्ड्यात टिकाव मारला की ठिणगी उडायची. रत्ना सव्वीस-सत्तावीसची असेल. तोंडाळ, पण कामाला वाघीण. मी मापाला गेलो, म्हणाली पाच फूट भरलंय. माझ्यामागे ओव्हरसियर उभा होता, जिल्ह्याहून आलेला. मी म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं गवत धरलं आणि जरा ओढलं. ते हातातच आलं. खाली मातीचा गोळा चिकटलेला."

त्याने तेहचा घोट घेतला. थंड झाला होता.

"मी ओरडलो, माती लावलीय. रत्ना म्हणाली, 'नाही रे बाबा, शेळीने गवत उपटलं, गवत नसलं तर तू लबाडी म्हणशील म्हणून मी परत दाबून बसवलं. वरची माती काढ आणि पुन्हा मोज.' एवढंच म्हणत राहिली. पुन्हा मोज. मी मोजलं नाही, अरुणा. टेप हातात होता. दोन मिनिटांचं काम होतं. पण ओव्हरसियर बघत होता, आणि एका बाईच्या सांगण्यावरून साहेब पुन्हा मोजायला लागला तर काय राहिलं! मी नजरेनेच ठरवलं, चार फूट. 'एक फूट खोटं' असा शेरा मारला. ओव्हरसियरने सहाच्या सहा बायांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. त्या दिवशीच्या हजेरीवर मीच माझ्या हाताने काट मारली. सकाळपासून राबल्या होत्या, तरी गैरहजर."

अरुणाने आपला ग्लास खाली ठेवला.

"त्यांना मग दुसऱ्या गावाला खडी फोडायला जावं लागलं, जाऊन-येऊन सहा कोस. पण ते एकवेळ सरलं. नाव नाही सरलं. गावाने तिला गवतवाली म्हणायला सुरुवात केली. आईच्या तेराव्याला आपण गेलो होतो ना? तेव्हा पारावरची पोरंसुद्धा म्हणत होती, गवतवाली आली, गवतवाली गेली. त्या पोरांच्या जन्माआधीची गोष्ट. मी तिच्या घरावरून मान खाली घालून गेलो."

"म्हणजे तिने माती लावलीच नव्हती?"

"तेच तर मला माहीत नाही!" गोपीनाथ एवढ्या जोराने म्हणाला की शेजारच्या टेबलावरचे दोन चिनी काका वळून बघायला लागले. तो ओशाळला, आवाज खाली आणला. "आजही माहीत नाही. मी मोजलंच नाही ना. लावली असेल तर मी बरोबर. नसेल तर मी सहा बायांचं वाटोळं केलं. बावन्न वर्षं झाली, आणि आता ते कळायचा काही मार्गही नाही. आणि हे म्हणतात, दगडावर तुमचं नाव घालतो. देखरेख!"

अरुणाने ट्रेमधला ग्लास उचलून त्याच्या हातात दिला. "प्या," ती म्हणाली, "आणि घरी चला."

शुक्रवारी दुपारी रवींद्रने व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'काका, चमत्कार!!'

गोपीनाथने चष्मा लावला. तलावाचं उघडं पात्र, एका कडेला पोकलेन थांबलेलं, आणि गाळ काढून मोकळ्या केलेल्या एका चौकोनी खड्ड्यात मधोमध एक ठेंगणा खांब. त्याला वरपासून खालपर्यंत हळदकुंकू फासलेलं, डोक्यावर अर्धा नारळ, गळ्यात झेंडूची माळ. भोवती तीस-चाळीस माणसं हात जोडून उभी.

फोन लावेपर्यंत रवींद्रचाच आला. "काका, पाहिलंत? म्हसोबा निघाला! गाळाखाली होता. ड्रायव्हरने बकेट लावली आणि मशीनच बंद पडलं. लोक म्हणतात, हलवायचा नाही. आता शिळा त्याच्या शेजारीच बसवू. तुमचं नाव आणि म्हसोबा, जोडीला जोड!"

गोपीनाथने फोन स्पीकरवर टाकून व्हिडिओ पुन्हा उघडला. खड्ड्याच्या तळाशी, मुरमाच्या भिंतीला टिकावाचे घाव अजून दिसत होते. रत्नाच्या टोळीचा तो खड्डा कुणी पुरा केला नव्हता. इतर टोळ्यांचे म्हातारे माप झाल्यावर खणून काढले जायचे. हा तेवढा राहिला, कारण त्या दिवसानंतर या खड्ड्यात कुणी उतरलंच नाही. मग पाणी आलं, गाळ आला आणि त्याला झाकून गेला.

"आणखी एक गंमत सांगू?" रवींद्र बोलतच होता. "ती गवतवाली म्हातारी आहे ना, रत्नाबाई, तिचं डोकं फिरलंय. कालपासून देवासमोर येऊन बसते आणि खुसुखुसु हसते. लोक चिडलेत."

"मी उद्या फोन करतो," गोपीनाथ म्हणाला.

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. अरुणा आतून आली, तिने व्हिडिओ पाहिला, आणि तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ट्रेवरचा ग्लास तिने पाहिला होताच.

"मग मोजा की," ती म्हणाली.

"अगं, बावन्न वर्षं पाण्यात होता..."

"म्हणजे वरून लावलेली माती असती तर कधीच वाहून गेली असती. उरलंय ते खरं. मी अडाणी असूनही मला कळतं, तुम्हाला कळत नाही होय?"

कळत होतं, म्हणून तर तो टाळत होता. चार फूट निघाला तर सुटला. बावन्न वर्षांचं ओझं एका आकड्यात उतरेल, रत्नाबाई लबाड होती असं खुशाल म्हणता येईल, आणि दगडावर नावही येईल. पाच निघाला तर? त्याला खरंच भीती वाटत होती. आणि आणखी एक विचार त्याच्या मनात येऊन गेला, तोही इथे सांगायला हवा, माणूस काही संत नव्हता. म्हसोबा आहे तर असू दे म्हसोबा. गावाला देव मिळालाय, आपल्याला शिळा मिळेल. कुणाला काय कळणार आहे? हा विचार त्याने पुरती दुपार चघळला. मग आपल्या मगावरचं ते छापील नाव वाचलं आणि स्वतःचीच त्याला लाज वाटली.

शनिवारी सकाळी अनघा आली. तिला अरुणाने सगळं सांगून ठेवलं होतं. अनघाने वडिलांना काही विचारलं नाही, फक्त फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा केला आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. पलीकडे धामणदऱ्यात ऊन नुकतं चढत होतं. रवींद्र खड्ड्याच्या काठावर, मागे माणसं, आणि पाथरवटही आलेला.

"टेप आणलायस?" गोपीनाथने विचारलं.

"आणलाय, पण काका, देवाला टेप लावायचा म्हणजे... लोक काय म्हणतील?"

"देव नाही तो. दुष्काळी कामावरचा म्हातारा आहे. फोन स्पीकरवर टाक, सगळ्यांना ऐकू दे. आणि रत्नाबाई कुठायत?"

गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी हात धरून एका वाळक्या, ताठ म्हातारीला पुढे आणलं. तिने पदर डोक्यावर ओढला आणि पडद्याच्या अगदी जवळ डोळे नेले.

"कोन? गोपी मस्टरवाला व्हय?"

"होय, रत्नाबाई. मीच."

"केस गेलं की रं समदं," ती म्हणाली.

माणसं हसली. गोपीनाथला हसू आलं नाही. "रवींद्र, खाली उतर," तो म्हणाला. "आधी वरचं सगळं काढ. नारळ, माळ, हळदकुंकू. बोटाने दाबून बघ, सैल माती असेल तर तीही काढ. कडक लागेपर्यंत. वरची माती काढून मोज."

रत्नाबाईने मान डोलावली. "ह्येच," ती म्हणाली. "ह्येच म्हनलं व्हतं म्या तवा. वरची माती काढ आन् पुन्यांदा मोज."

रवींद्रने देवाच्या पाया पडल्यासारखं करून नारळ उतरवला. हाताने खांबाचं डोकं झाडलं. सैल असं काही नव्हतंच, थोडा ओला गाळ निघाला. त्याने टेपचं टोक तळाशी टेकवलं, वर ओढलं, वाकून वाचलं.

"चार फूट..." तो म्हणाला, आणि गोपीनाथ पडद्याकडे झुकला. "...अकरा इंच."

"पुन्हा."

"काका, नीट वाचलंय मी."

"पुन्हा मोज. पहिला आकडा विसर."

अनघाने वडिलांच्या हातावर हात ठेवला.

"चार अकरा," रवींद्र म्हणाला. "तेवढंच."

एक इंच काय, पाण्याने खाल्ला. गोपीनाथने डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुन्हा लावला. बावन्न वर्षं ज्या आकड्याला तो भीत होता, तो आला होता. रडू आवरत नव्हतं, आणि त्याने ते आवरलंही नाही.

"सगळे ऐका," तो म्हणाला. आवाज मोठा होता. "रत्नाबाईंनी माती लावली नव्हती. पाच फूट म्हणाल्या, पाचच फूट होतं. शेळीने गवत उपटलं म्हणाल्या, खरंच उपटलं असणार. मी मोजलं नाही. माझ्या मिजाशीपायी सहा बायांचं काम गेलं आणि या बाईचं नाव गेलं. चूक माझी. लबाड मी होतो. आजपासून त्यांना गवतवाली म्हणाल, तर ती शिवी मला लागेल. रत्नाबाई, माफी मागायलाही मला तोंड नाही."

रत्नाबाईने पदराने नाक पुसलं. मग म्हणाली, "त्या रांडच्या शेळीला म्या लई मारलं व्हतं त्या दिवशी." मग खांबाकडे बघितलं. "तवाच मोजलं आसतंस, गोपी. दोन मिंटाचं काम व्हतं."

"होय. दोनच मिनिटांचं."

"माझी लेक लग्नाची झाली तवा पावनं इचारायचं, गवतवालीची का पोरगी? ती रडायची. तिला आता कोन सांगंल?"

"मी सांगतो. फोन नंबर द्या, आजच सांगतो," गोपीनाथ म्हणाला.

"सांग," ती म्हणाली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि गोपीनाथनेही ते ऐकायची वाट पाहिली नाही.

रवींद्र घुटमळत होता. शिळेचं काय करायचं, त्याने हळूच विचारलं. पाथरवट खोळंबलेला.

"माझं नाव नको," गोपीनाथ म्हणाला. "पाचशे माणसांनी खणलंय ते. सगळी नावं मला आठवत नाहीत, पण ही सहा पाठ आहेत. रोज सकाळी मी पुकारायचो. ती घाल." त्याने टेबलाच्या खणातून आखीव वही काढली, पेन्सिल घेतली, आणि उभ्या रेघा मारून मस्टरसारखा तक्ता केला. अनघा बघत राहिली. "रत्नाबाई, मी पुकारतो. त्या दिवशीची हजेरी मी काटली होती, ती परत घेतो."

"घे," म्हातारी म्हणाली आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली.

"रत्ना."

"हजर."

"कोंडा."

"गेली. धा वर्सं झाली."

"हौसा."

"गेली."

"ठकू."

"तिच्या ल्योकानं पुन्याला न्हेली, तिकडंच गेली."

"सुंदरा."

"ती तर लवकर गेली. खडी फोडाय जात व्हतो तवाच, पहिल्या साली."

गोपीनाथची पेन्सिल थांबली. हे त्याला माहीत नव्हतं. अरुणा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"गोदा," तो कसाबसा म्हणाला.

"गोदाबी गेली."

वहीत एकाच नावापुढे खूण होती. बाकीचे पाच रकाने रिकामे. गोपीनाथ त्यांच्याकडे बघत बसला, काय लिहावं ते त्याला कळेना.

"मोकळं का ठिवलंस?" पलीकडून रत्नाबाईचा आवाज आला. पडद्यात तिला वही दिसत होती की नुसतं समजलं होतं, कोण जाणे. "आजचं न्हाई, त्या दिवशीचं लिहितोस ना? मग लिही की. त्या दिवशी समद्या हजर व्हत्या. तांबडं फुटायच्या आधी आलो व्हतो आमी."

गोपीनाथने पाची नावांपुढे हजर लिहिलं. मग सवयीने पेन्सिल पुन्हा पहिल्या नावावर नेली आणि सहाही नावं वरपासून तपासून पाहिली.